पायात बाभळीचा काटा अन् जांघेत अवधान : शरीर आत नेमकं काय करून राहिलं?

पऱ्हाटीतला (सोमवार, रात्री ८:४०)

राम राम मंडळी. राळेगाव तालुका, जिल्हा यवतमाळ. पडल्या पडल्या लिहून राहिलो, कारण चालता येत नाही.

शुक्रवारी डवरणी चालू होती. धुऱ्यावरची बाभूळ उन्हाळ्यात तोडली, फांद्या तिथंच पडून होत्या. त्यातला एक काटा चपलेचा तळ फोडून उजव्या चवड्यात घुसला अन् मोडला. बायकोनं सुईनं कोरून निम्मा काढला. शनिवारी फारसं काही नव्हतं, तरी रात्री आईनं बिब्बा तापवून चटका दिला. रविवारी सकाळी चवडा लाल, हात लावला तर गरम, अन् ठणका असा की नाडीबरोबर उडे. संध्याकाळी हिव भरलं, ताप १०१. रात्री उठलो तर जांघेत बोराएवढी गाठ. आई अंधारातच म्हणाली, "अवधान आलं. काटा आत हाय अजून."

आज डॉक्टरकडे गेलो. रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी १४,२०० निघाल्या. गोळ्या दिल्या. येताना औषधाच्या दुकानात "इम्युनिटी कमी झाली तुमची" म्हणून ४८० रुपयांचा पावडरचा डबा हातात दिला.

माझे प्रश्न दोन. काटा पायात, मग जांघेला कसं कळलं? अन् दुसरा : इम्युनिटी कमी झाली तर पेशी वाढल्या कशा? कमी हाय का जास्त हाय, हे तरी ठरवा.

धामणगावचा भौ (८:५२)

काहून बे, गमबूट काय पोळ्याले घालाचे ठेवले काय? मागच्या साली संगच घेतले होते ना आपण.

पऱ्हाटीतला (८:५५)

उंदरानं कुरतडले भौ.

उपकेंद्रातली ताई (९:१०)

भाऊ, बाकी सगळं नंतर. आधी सांगा, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं? आज दिलं का?

पऱ्हाटीतला (९:१४)

नाही ताई. कोणी विचारलंही नाही. शाळेत असताना घेतलं असंन.

उपकेंद्रातली ताई (९:३१)

मग उद्या सकाळीच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लहानपणीच्या लसींचं कार्ड असलं तर न्या, नसलं तरी जा. किती डोस लागतील ते डॉक्टर ठरवतील.

घाई का करते, ते सांगते. धनुर्वाताचा जंतू माती-शेणात बीजासारखा पडून असतो. उघड्या, वाहत्या जखमेत त्याचं फारसं चालत नाही, त्याला हवा सोसत नाही. खोल गेलेला, वरून मिटलेला काटा म्हणजे त्याला हवी तशी जागा. तो आत फार पसरतही नाही, बसल्या जागेवरून विष सोडतो. आणि ते विष इतकं जहाल, की जीव जाईल एवढी मात्रासुद्धा शरीराला ओळख पटायला अपुरी पडते. म्हणून एकदा धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही लस द्यावी लागते. गोवर एकदा झाला की पुन्हा सहसा होत नाही, तसं इथं नाही. इथं शरीर आपल्या अनुभवातून शिकत नाही, लसीनंच शिकवावं लागतं.

पायावर लाल रेघ वर चढताना दिसली, किंवा तापात भान हरपल्यासारखं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. शुगर तपासली आहे का?

पऱ्हाटीतला (९:३५)

शुगर आज काढली, ठीक हाय. सकाळी जातो ताई.

गुरुजी_वर्धा (१०:२०)

तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगून ठेवतो.

आईंचं निदान बरोबर आहे. अवधान या शब्दाचा दुसरा अर्थ लक्ष. तुमच्या जांघेत नेमकं तेच झालंय, शरीराचं लक्ष गेलंय. पण सुरुवात काट्यापासून करू.

काटा एकटा आत जात नाही. चपलेचा मळ, मातीतले जंतू, कातडीवरचे रहिवासी जंतू, सगळे घेऊन जातो. कातडीखाली काही भक्षक पेशी कायम मुक्कामाला असतात. त्यांना दोन गोष्टी उमगतात : आपल्या काही पेशी फुटल्या, आणि माणसाच्या शरीरात कधीच नसतात असे काही तुकडे इथं आले. हा जंतू कोणता, हे त्यांना नीटसं कळत नाही. जागलीवरच्या माणसाला रात्री खसफस ऐकू येते, रानडुक्कर आहे की रोही ते दिसत नाही. तो आधी डबा बडवतो. इथं डबा म्हणजे हिस्टामिनसारखी रसायनं. त्यांनी जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन पाणी झिरपतं, म्हणून सूज. मज्जातंतूंची टोकं चाळवतात, म्हणून ठणका. तुम्ही ज्या त्रासाची यादी दिलीत ती बरीचशी जंतूंची नाहीच, तुमच्या स्वतःच्या शरीराची करणी आहे. (काही जंतू विष सोडून स्वतःही नासधूस करतात, ते ताईंनी सांगितलंच.)

सैल झालेल्या भिंतीतून मग पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. पहिल्या येतात त्या न्यूट्रोफिल, काही तासांत. जंतू गिळायचे, आत जाळायचे आणि स्वतःही मरायचं, असा एक-दोन दिवसांचा त्यांचा जन्म. पू म्हणतो तो मुख्यतः या मेलेल्या पेशींचा राडा. तुमच्या हाडांतला मगज रोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल बनवतो, आजारपण नसतानासुद्धा. मागणी आली की साठ्यातल्या सोडतो. मोठ्या माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. तुमच्या १४,२०० म्हणजे मागणी पोचली आणि माल निघाला. हिला कमी इम्युनिटी म्हणणाऱ्या दुकानदाराला माझ्या वर्गात बसवा.

हे सगळं पहिल्यांदा कळलं तेही काट्यावरूनच. १८८२ साली इटलीत मेसिना इथं मेचनिकॉफ नावाचे रशियन प्राणिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पिल्लं पाहत होते. ती पिल्लं काचेसारखी आरपार. घरची मंडळी सर्कशीला गेलेली, हे एकटेच घरी. त्यांच्या मनात आलं, याच्या अंगात काही टोचलं तर या हिंडणाऱ्या पेशी तिकडं जातील का? बागेतून बारीक काटे आणले, पिल्लांच्या कातडीखाली टोचले आणि रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा. १९०८ साली त्यांना पॉल एर्लिक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. तुमच्या चवड्यात आत्ता जे चाललंय, ते त्या सकाळी त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

आता जांघ. रक्तातून झिरपलेलं पाणी परत आणणाऱ्या बारीक नळ्या अंगभर असतात, त्या लसिकावाहिन्या. त्यांना हृदयासारखा पंप नाही, चालता-फिरताना स्नायू दाबले जातात तसं पाणी वर सरकतं. पायाचं बरंचसं पाणी जांघेतल्या गाठींतून गाळून पुढं जातं. या गाठी तुम्हाला आत्ता आलेल्या नाहीत, जन्मापासून आहेत. एरवी हाताला फारशा लागत नाहीत इतकंच.

काट्याजवळच्या काही पेशी जंतूचे तुकडे अंगावर घेऊन याच वाटेनं गाठीत जातात. गाठ म्हणजे बैलबाजार समजा. एखाद्याचा बैल चोरीला गेला की तो या आठवड्याला एका बाजारात, पुढच्या आठवड्याला दुसऱ्या बाजारात, एकाच खुणेवर नजर ठेवून हिंडतो : डावं शिंग मोडकं, कपाळावर पांढरा टिळा. लिंफोसाइट नावाच्या पेशी तशाच. प्रत्येकीला एकच खूण ठाऊक. शरीरात अशा कोट्यवधी, प्रत्येकीची खूण निराळी, आणि ही खूण जंतू यायच्या आधीच ठरलेली असते. बहुतेकींना आपला बैल आयुष्यभर सापडत नाही. पण ज्या मोजक्या पेशींना तुमच्या काट्यावरच्या जंतूची खूण पटते, त्या तिथंच थांबतात आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढत जातात. त्या काळात गाठीचं बाहेरचं फाटकही जवळपास बंद होतं. आत येणाऱ्या येतात, बाहेर कोणी जात नाही. म्हणून गाठ फुगते, ताणते, दुखते.

या पेशी तयार व्हायला आठवडाभर लागतो. त्यातल्या बी-पेशी प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडी सोडतात, टी-पेशी काही ठिकाणी स्वतः मारतात, काही ठिकाणी इतरांना कामाला लावतात. आठवडाभर खिंड लढवायची ती न्यूट्रोफिलांनीच. काम झालं की बहुतेक मरतात, थोड्या स्मृतिपेशी मागं राहतात. लस त्यांच्याच भरवशावर चालते.

तापाचंही तसंच. मेंदूतला तापमानाचा काटा शरीर स्वतःच वर सरकवतं. नवा आकडा १०१ ठरला आणि अंग अजून ९८ वर, म्हणून थंडी वाजते, स्नायू थरथरून ऊब तयार करतात. यालाच तुम्ही हिव भरणं म्हणता.

धामणगावचा भौ (१०:३४)

गुरुजी, बैलबाजाराचं डोक्यात बसलं. आमच्या सायन्सच्या सरनं असं सांगतलं असतं तं म्या बारावीले दोनदा कायले बसलो असतो.

बिब्बेवाली (१०:४१)

बिब्ब्याचं कोणीच बोललं नाही. पऱ्हाटीतले भाऊ, चटक्याच्या आजूबाजूला खाज सुटून बारीक फोड आलेत का?

पऱ्हाटीतला (१०:४४)

आलेत ना. आज दुपारपासून. पायाच्या वरच्या बाजूलाही, जिथं तेल ओघळलं तिथं. तुम्हाला कसं कळलं?

बिब्बेवाली (१०:५८)

कारण आमच्या घरी हे दरवर्षी होतं. आजी गोडंबीसाठी बिब्बे फोडायची. हाताला तेल, चुना लावून बसायची, तिला काही नाही व्हायचं. मी नुसती जवळ बसले तरी दोन दिवसांनी तोंड सुजायचं. "बिब्बा उतला हिला" म्हणायचे सगळे.

पुढं त्वचारोगाच्या डॉक्टरांनी समजावलं. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं हे खरं, पण उतणं म्हणजे नुसती जळजळ नाही. त्या तेलाची ओळख एकदा टी-पेशींना पटली, की पुढच्या वेळी लागलेल्या जागेवर त्याच हल्ला करतात. त्यांना जमायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून फोड उशिरा येतात. गुरुजींचा तोच बैलबाजार, फक्त यावेळी चोर नसताना मारामारी. तुमच्या पायात सध्या दोन भांडणं चालू आहेत, एक जंतूशी आणि एक आईच्या औषधाशी. आईंना सांगू नका.

पऱ्हाटीतला (११:०२)

आई बाजूलाच बसून वाचून घेऊन राहिली.

गुळवेल_घरचीच (मंगळवार, सकाळी ७:१५)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. पावडर सोडा, पण आपल्या पूर्वजांचा काढा तरी घ्या. गुळवेल कडुनिंबावरची. कोरोनात आमच्या अख्ख्या घरानं रोज घेतला, कोणाला काही झालं नाही. प्रतिकारशक्ती वाढवायला दुसरं काही नको.

रक्ताचा हिशेब (७:४०)

लॅबमध्ये आहे, रोज शंभरेक रिपोर्ट हातातून जातात, म्हणून बोलतो. रागावू नका.

"प्रतिकारशक्ती वाढवा" म्हणजे नेमकं काय वाढवा? ती टाकीतलं पाणी नाही की वर चढवली म्हणजे बरं. सांधे सुजून वाकडे होतात त्या संधिवातात शरीराची हीच यंत्रणा स्वतःच्या सांध्यांवर उठलेली असते. दम्यातही बऱ्याचदा धुळीसारख्या साध्या गोष्टीवर ती उठते. त्यांना काय वाढवून देणार? कोरोनात कितीतरी गंभीर पेशंटांना डॉक्टर डेक्सामेथासोन देत होते, ते ही यंत्रणा दाबायचं औषध. आणि गुळवेलाचंच म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीचे काढे-रस घेऊन यकृताला इजा झालेले पेशंट नोंदवलेत. सगळ्यांना होईल असं नाही, पण "घरचं आहे, काय होतं" हे खरं नाही.

खरंच कमी पडते ती कुठं? शुगर वाढलेली असली की न्यूट्रोफिल सुस्त होतात, साधी जखम चिघळते. खाण्यात प्रथिनं नसली की नव्या पेशी, प्रतिपिंडं बनवायला माल नाही. ४८० रुपयांत तूरडाळ आणि अंडी किती येतील, हिशेब करा. आणि खर्रा. तोंडाच्या आतलं अस्तर हेही कातडीसारखं कुंपणच. दिवसभर सुपारी-तंबाखू-चुना घोळवून ते जाळायचं आणि संध्याकाळी इम्युनिटीची पावडर दुधात टाकायची, हे आमच्या चौकात रोज पाहतो.

गुळवेल_घरचीच (८:०५)

खर्ऱ्याबद्दल सहमत. गुळवेलीबद्दल नाही.

धामणगावचा भौ (८:०९)

खर्ऱ्याबद्दल असहमत. (गंमत हाय.)

धानोऱ्याची पोर (९:२६)

गडचिरोलीहून. हा "कमी-जास्त"चा प्रश्न आमच्या घरात रोजचा, म्हणून लिहिते.

सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा, आईबापाकडून येणारा आजार. आमच्या घरी मी त्याची वाहक आणि धाकटा भाऊ रुग्ण. शाळेत तपासणी झाली तेव्हा कळलं. गावात म्हणतात, सिकल म्हणजे प्रतिकारशक्ती कमी. आता गंमत बघा. माझ्यासारख्या वाहकाला हिवतापाचा गंभीर प्रकार होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच कमी असतो. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की ती पेशी वाकडी होते आणि प्लीहा, म्हणजे रक्ताची गाळणी, तिला लवकर बाजूला काढते, हे त्यातलं एक कारण. पिढ्यान् पिढ्या हिवताप असलेल्या मुलखात हा दोष टिकून राहिला तो त्यामुळेच. पण मच्छरदाणी मलाही लागतेच, हिवताप होतोच.

भावाचं उलटं. त्याच्या वाकड्या पेशी अडकून अडकून प्लीहाच निकामी झाली. काही ठराविक जंतू ही गाळणीच पकडते. तो चार वर्षांचा असताना सकाळी ताप आला, संध्याकाळी ओठ निळे. न्यूमोनिया. तेव्हापासून आईला ठाऊक आहे, या पोराचा ताप रात्रभर घरी ठेवायचा नाही. त्याला लहानपणी रोज पेनिसिलिन होतं, न्यूमोकोकसची लस दिली आहे. एकाच आईची दोन लेकरं, एकाच सदोष जनुकाच्या दोन प्रती आणि एक प्रत, एवढाच फरक.

उपकेंद्रातली ताई (९:५०)

पोरी, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये पण इतकं नीट नाही सांगितलं.

सेवाग्राम रोड (११:३५)

निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ. सायकलवर निम्मा वर्धा जिल्हा फिरलो. गुरुजींनी लिहिलं की त्रास बराचसा शरीराची करणी असते. त्यावरून एक माणूस आठवला, आजही डोळ्यांपुढून जात नाही.

आमच्या भागात महारोगाची ओळख जुनी. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून काम, पुढं वरोऱ्याला आनंदवन. तरी लोकांना एक गोष्ट सांगून पटत नाही : या जंतूशी गाठ पडलेल्या बहुतेकांना रोग होतच नाही, शरीर परस्पर निपटवतं. ज्यांना होतो त्यांच्यातही जंतू एकच, पण शरीराचा कौल वेगळा. एखाद्याच्या टी-पेशी जोरात भिडतात, त्याला दोन-चार बधिर चट्टे, जंतू शोधून सापडत नाहीत. दुसऱ्याच्या पेशी त्याला ओळखूनही गप्प बसतात. त्याच्या कानाच्या पाळीतून नमुना घेतला की काचपट्टी जंतूंनी भरलेली. दुखत मात्र काहीच नाही.

तर हा माणूस, हिंगणघाटकडचा, सालदार होता. गोळ्यांचं पाकीट सुरू करून तीन महिने झाले. एक दिवस त्याचे जुने फिके चट्टे लालभडक होऊन वर आले, कोपराच्या आतली नस दोरीसारखी जाड, हात लावू देईना. त्यानं सरळ हिशेब केला : गोळ्यांआधी दुखत नव्हतं, आता दुखतं, म्हणजे गोळ्या वाईट. बंद केल्या, मला पाहून वावरातून पळून जायचा. दोन महिन्यांनी बाजारात अचानक समोर आला, बिडी धरलेल्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट वळलेलं.

त्याला झाली होती ती रिअॅक्शन. शरीर जंतूवर अचानक जोरानं उठतं, आणि जंतू बसलेला असतो नसेत, म्हणून मार नसेला. त्या वेळी गोळ्या चालू ठेवून वरून प्रेडनिसोलोन, म्हणजे शरीराचा आवेश कमी करणारं औषध, वेळेत मिळालं असतं तर हात बहुधा वाचला असता. हे मी त्याला पहिलं पाकीट देतानाच सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशी सांगायचो : मधेच लाल झालं, दुखलं, तर गोळी टाकू नको, माझ्याकडे ये.

हत्तीरोगाच्या गोळ्या वाटतात तेव्हाही हेच. ज्याला गोळीनंतर ताप येतो, अंग दुखतं, त्याच्या रक्तात बहुधा जंतूंची पिल्लं असतात आणि ती मरताना शरीर गोंधळ घालतं. तो गावभर सांगतो, गोळ्या खाऊ नका.

पऱ्हाटीतला (११:४८)

काका, आमच्या गावात हत्तीरोगाच्या गोळ्या कोंबड्यांपुढं टाकतात लोक. मीही टाकल्या एकदा.

माहेर_आर्वी (दुपारी १२:३०)

अवांतर होईल, पण विचारते. शरीर एवढं सगळं करतं, मग पिसाळलेलं कुत्रं चावलं तर का करत नाही? आणि साप?

उपकेंद्रातली ताई (१:१५)

कुत्र्याचा विषाणू जखमेतून नसेत शिरतो आणि नसेतून मेंदूकडे सरकतो, रक्तात फारसा येतच नाही. बाजारात बैल आलाच नाही तर ओळखणार कोण? मेंदूत पोचल्यावर ओळख पटून उपयोग नसतो. पण त्या प्रवासाला बहुतेकदा काही आठवडे लागतात, तेवढ्यात लसीनं प्रतिपिंडं तयार करून घ्यायची, अशी ती शर्यत. म्हणून जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, मिरची-चुना भरायचा नाही, आणि त्याच दिवशी लस. रक्त आलं असेल तर सोबत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन जखमेत देतात, ती उसनी.

सापाचं औषध पूर्ण उसनवारीच. घोड्याला थोडं थोडं विष देतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती काढून आपल्याला. आपल्याकडचं हे औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालतं. उसनं ते उसनंच, काही आठवड्यांत संपतं, आठवण मागं राहत नाही. पुन्हा चावला तर पुन्हा घ्यावं लागतं.

पऱ्हाटीतला (बुधवार, संध्याकाळी ६:२०)

अपडेट. काल आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. आज चवडा पिकला होता, डॉक्टरांनी चिरा दिला. पू निघाला आणि पुवाबरोबर काट्याचं टोक, तांदळाच्या कणीएवढं, काळं पडलेलं. आईनं ते कागदात बांधून आणलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून राहिली. ठणका निम्म्यावर आला. गाठ आहे तशीच हाय, डॉक्टर म्हणाले तिला उतरायला वेळ लागंन.

पावडरचा डबा फोडला नाही. दुकानदार परत घेत नाही म्हणतो.

उपकेंद्रातली ताई (६:४५)

दुसरा डोस महिन्याभरानं, तारीख कार्डावर लिहून दिली असेल. आईंनाही घेऊन या, त्यांनी शेवटचं इंजेक्शन तुमच्या वेळी गरोदर असताना घेतलं असेल.

पऱ्हाटीतला (६:५१)

आई म्हणते तेही घेतलं नव्हतं. आणतो.